पुरस्काराच्या कागदावर तुझं नाव

कुमुद,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तू शाळेत मराठीची बाई होतीस, मायना चुकला की गुण कापायचीस. काप.

आज लिहायला बसले ती गेल्या आठवड्यात पुण्याहून पत्र आलं म्हणून. तेच पुरस्कारवाले, ज्यांना आपण दोघींनी सही करून नकार कळवला होता. अद्भुताच्या, विज्ञानाच्या आणि भयाच्या कादंबऱ्यांना ते पुरस्कार देतात, पण सगळ्याच नव्हे. जिच्यात बाईचं बाईवर किंवा पुरुषाचं पुरुषावर प्रेम आहे अशीच कादंबरी त्यांना चालते. आता त्यांनी ठरवलंय की मागे राहून गेलेल्या पुस्तकांनाही मान द्यायचा, आणि पहिलं पुस्तक त्यांना आठवलं ते आपलं 'शीमेवरली'. दोन्ही लेखिकांची संमती हवी, असं लिहिलंय. तू महिन्यापूर्वी गेलीस हे त्यांना ठाऊक नाही. सोमवारी कागद टपालात टाकायचा आहे. त्याच्यावर तुझं नाव घालायचं की गाळायचं, एवढंच ठरायचं राहिलंय.

गाळावं असं वाटतंय. का, ते तुला ऐकावं लागेल. जिवंतपणी तू माझं बोलणं मध्येच तोडायचीस, आता ती सोय नाही.

आठवतं, पुस्तक कसं लिहिलं ते? तू चोपड्याहून फेरीबोटीने शिवोलीला उतरायचीस, मी मुळगावहून डिचोलीची बस धरायचे, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात आपण वही बदलायचो. एक आठवडा वही तुझ्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोलंबीच्या, पिशवीतून आलेली ती वास मारणारी वही मी घरी आधी उन्हात ठेवायचे. आई विचारायची, "कचेरीतली वही वाळत घालतात काय गो?"

कथा साधी होती. गावाच्या शीमेवर, म्हणजे हद्दीवर, राखण करणारी एक कोणी असते. खाणीने शीमेचा डोंगरच खाल्ल्यावर तिला राहायला जागा उरत नाही, म्हणून ती एका विधवेच्या घरी येते. खाणीच्या लाल धुळीत हिची पावलं उमटत नाहीत हे विधवेला पहिल्याच दिवशी कळतं, आणि ती कोणाला सांगत नाही. पुढे गाव घाबरायला लागतो. गाव घाबरला की काय करतो ते आपण दोघींनी मन लावून लिहिलं होतं.

विधवा तिचे केस विंचरते ते प्रकरण कोणी लिहिलं? तू. मी कचेरीतली भित्री कारकूनबाई, मी खाण लिहिली, ट्रक लिहिले, पंचायतीची सभा लिहिली. ते प्रकरण वाचताना बसमध्ये माझ्या कानशिलांना घाम आला होता, शेजारच्या बाईने उठून मला खिडकी दिली. पुढच्या शुक्रवारी मी विचारलं, "हें छापूंया?" तू म्हणालीस, "छापचें ना जाल्यार बरयलें कित्याक?" छापायचं नसेल तर लिहिलं कशाला, म्हणे.

इतकी धीट होतीस तू. कागदावर.

गोव्यातल्या पुरस्कारांनी आपलं काय केलं तेही आठवत असेल. मराठीवाले म्हणाले, संवाद कोकणीत आहेत. कोकणीवाले म्हणाले, निवेदन मराठीत आहे. दोन्ही दारांतून आपण हात हलवत परत आलो. एका परीक्षकांनी मात्र पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि शेरा दिला, 'दोन स्त्रियांच्या मैत्रीचे हृद्य चित्रण'. तू तो शेरा मोठ्याने वाचून इतकी हसलीस की चहा सांडलास. आपण मोठ्या शहाण्या, आणि जग खुळं, असं तेव्हा वाटायचं.

मग पुण्याहून ते पहिलं पत्र आलं. तिथल्या कोणा मुलीला आपलं पुस्तक जुन्या पुस्तकांत सापडलं होतं. तिने सरळ विचारलं होतं, ही भयकादंबरी आहेच, पण ही प्रेमकथाही आहे, आणि तुम्ही ती प्रेमकथा म्हणूनच लिहिलीत ना? इतक्या वर्षांत हे विचारणारी पहिली. यंदाचा पुरस्कार तुम्हाला द्यायचा आहे, पुण्याला या, असंही लिहिलं होतं. मी ते पत्र घेऊन थेट चोपड्याला आले. इतका आनंद मला नोकरीत कायम झाल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

तू पत्र दोनदा वाचलंस आणि घडी घालून साडीच्या पेटीत ठेवलंस. म्हणालीस, "देवाक विचारूंया."

गावात घर बांधायचं, मुलगी द्यायची, विहीर खणायची, सगळं आपण देवाला विचारतो. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. पण पुरस्कार घेऊ की नको, असा कौल कोणी लावला आहे? मी हसले. तू हसली नाहीस. मग मी म्हटलं, बरं, तुझं समाधान होऊ दे, देव देईल ते मला मान्य. हे मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं. तुझ्या गावच्या देवळात मी कोण म्हणून उभी राहणार होते? म्हणून आले नाही. ही माझी चूक, ती मी तुझ्या माथी मारत नाही.

दुपारी तू परत आलीस, पाय धुतलेस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "दावो आयलो गो, शालन. देव नाका म्हणटा."

दुसऱ्या दिवशी तुझ्या त्या वळणदार अक्षरात तू पत्र लिहिलंस. 'कादंबरीतील दोघी केवळ मैत्रिणी आहेत. लेखिकाही मैत्रिणीच आहेत. आपला गैरसमज झाला आहे.' खाली तुझी सही, आणि तिच्याखाली माझी. देवाने नाही म्हटल्यावर मी कोण मोडणार? पुरस्कार दुसऱ्या पुस्तकाला गेला.

पुरस्काराचं दुःख मी आठवड्यात गिळलं. दुसरं गिळता आलं नाही. देवाने आपल्याला विचारात घेतलं, नीट पाहिलं, आणि नको म्हटलं, हे मी अकरा वर्षं मनात घेऊन वावरले. मुळगावच्या आमच्या देवळाची पायरीही मी त्यानंतर चढले नाही. जत्रेला वहिनी बोलवायची, मी गुडघ्याचं निमित्त सांगायचे. तुझ्याकडे रविवारी यायचे तेव्हा तुझ्या देवघराकडे पाठ करून बसायचे. तू ते पाहत होतीस. एकदा विचारलंसही, "अशी कित्याक बसता?" मी म्हटलं, वारा बरा लागतो. तेव्हा तुला काहीच कसं वाटलं नाही?

आता तुझ्या बाराव्याचं सांगते. मला शेजारणींच्या पंगतीत बसवलं होतं. तुझे दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, बहिणीने भावंडांसाठी लग्न केलं नाही. लोक माना डोलवत होते. मी भात कालवत होते. जेवणं झाल्यावर तुमचे म्हातारे गुरव माझ्याजवळ येऊन टेकले. आता त्यांना दिसत नाही फारसं, आवाजावरून ओळखलं. म्हणाले, "शालनबाय, तुमी पुण्यां गेल्लीं मगो त्या बक्षिसाक?"

मी म्हटलं, "ना. दावो कौल जालो न्हय?"

ते म्हणाले, "कोण सांगता? हांवेंच पाकळ्यो लायल्ल्यो. उजवो दिलो देवान. कुमुदबाय म्हणूं लागली परत लाय. परत लायलो. दोनूय फावट उजवो."

दोनदा, कुमुद. तू देवाला दोनदा विचारलंस आणि त्याने दोनदा हो म्हटलं.

मी काय केलं असेल असं वाटतं तुला? काही नाही. त्यांना पाणी आणून दिलं, हात धुतले, बस धरली. रडू आलं ते डिचोलीला उतरल्यावर, भाजीच्या दुकानासमोर.

मला ठाऊक आहे तू का केलंस. त्याच महिन्यात तुझ्या पुतणीचं सावंतवाडीला ठरत होतं. पेपरात फोटो आला असता, सोयरे विचारते, ही कसली कादंबरी, ही कसली मैत्रीण. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग ते मला सांगायचं. 'शालन, मला भीती वाटते,' एवढे चार शब्द. मी थांबले असते गं. मी तुझ्यासाठी याहून मोठ्या गोष्टींवर पाणी सोडलं आहे आणि त्याची कधी वाच्यता केली नाही. तुझी भीती तू भीती म्हणून माझ्या हातात दिली असतीस तर मी ती सांभाळली असती. पण तुला भित्री दिसायचं नव्हतं, म्हणून देवाला पुढे केलंस. त्याने दिलेलं हो स्वतःजवळ ठेवलंस आणि मला नाही आणून दिलंस. ते हो माझंही होतं. अर्धं तरी होतं.

इतकी वर्षं ते एकटीने जवळ बाळगून तुला काय मिळालं? सुखाने तरी राहिलीस का? तसं म्हण, म्हणजे मला आणखी राग धरता येईल.

परवा तुझे दादा आले होते. पुण्याच्या पत्राची बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली देव जाणे. माझ्या सोप्यावर बसून, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "शालनबाय, बक्षीस तुमी घेयात. तिचें नांव कशाक? मेल्ल्या मनशाक उगडें करूं नये."

मी त्यांना चहा दिला आणि विचार करते म्हटलं. खोटं नव्हतं ते. दोन दिवस मी खरंच तोच विचार केला. तुला हवं होतं तेच झालं असतं. तू त्यागी आत्या म्हणून भिंतीवर राहिली असतीस, हार घालून. मी एकटीच वेडी लेखिका. सूड म्हणून काही वाईट नाही.

इथवर लिहिलं आणि आत्ता उठून कागद भरला. तुझं नाव घातलं. पहिलं घातलं, पुस्तकावर तसंच आहे म्हणून. तुला माफ केलं असं समजू नकोस, ते केलेलं नाही आणि होईल असं दिसतही नाही. पण केस विंचरण्याचं ते प्रकरण तू लिहिलंस. तुझं नाव गाळलं तर जे तू माझ्याशी केलंस तेच मी तुझ्याशी करीन, आणि तेवढ्या खाली मी उतरलेली नाही.

दादांना उद्या सांगेन. चिडतील, चिडू देत.

आणि एक वचन देते, तुला आवडो न आवडो. पुण्याला मी जाणार. तिथली मुलं विचारतील, तेव्हा नकार का दिला होतात? मी खरं सांगेन, की देवाने दोन्ही वेळा हो म्हटलं होतं, माणसाने नाही म्हटलं. कोण ते माणूस, असं विचारलं, तर मैत्रीण म्हणणार नाही. माझं माणूस होतं, असं सांगेन.

तुझी, नाइलाजाने,
शालन