आर्टिचोक उपासाला चालतं का?

९ फेब्रुवारी
नि.चा क्रेट आला. (स्वतःच्या वहीतसुद्धा निलेश असं पूर्ण लिहायची हिंमत नाही. धन्य आहे मी!) कुरवंड्यात त्याच्या पॉलिहाउसमधले आर्टिचोक. हिरवी, काटेरी, मुठीएवढी बोंडं.

मी किचनमध्ये काम करते त्या हॉटेलात व्हेगन मंडळी उतरलीत. दूध नको, तूप नको, चीज नको. टोकं छाटली, आतली केसाळ कूस खरवडली, लिंबू चोळलं, नाहीतर लगेच काळं पडतं. उकडून वर ऑलिव्ह तेल, लसूण, मीठ. झालं. दोन बोंडं आमच्यासाठी. किचनच्या मागच्या पायरीवर एकाच ताटलीत. पाकळी ओढायची, दातांनी गर खरवडून खायचा. नि. म्हणाला, "तुझ्या हातचं रोज खाईन." रोज म्हणे! लय बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी
नि.ची आई दुसऱ्यांदा कुसगावला आमच्या घरी आली. लग्नाचं बोलायला. चहा पुढं केला तर, "नगं बाई, आज उपास हाय." मागच्या वेळीही उपासच. अहो, चहा कुठल्या उपासाला चालत नाही? पाण्याच्या तांब्यालाही हात लावला नाही. आम्ही बौद्ध, ते गावातले जमीनवाले. तोंडानं काही बोलायला लागत नाही.

त्या गेल्यावर आई भांडी आपटत म्हणाली, "तिचा उपास आपल्या उंबऱ्यातच लागतोय."

२ मार्च
सुचलं! रताळं उपासाला चालतं, वांगं चालत नाही. पण आर्टिचोक? त्याचं अजून कुणी ठरवलेलंच नाही. लसूण काढायचा, सैंधव, लिंबू, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं तेल. आता सांगा कशाला नाही म्हणाल ते.

नि.ला सांगितलं तर हसला. "खाईल की. आपल्याच शेतातलं हाय ना."

आपल्याच म्हणाला. दिवसभर तेवढंच डोक्यात.

५ मार्च
काकू, म्हणजे नि.ची आई, आल्या. सोबत नि. नवी ताटली काढली होती.

"ह्ये काय?"
"तुमच्या शेतातलंच आहे काकू. उपासाचं केलंय."

त्यांनी ताटली दोन बोटांनी सरकवली. "पिकवलं आमी, व्हय. पर शिजलंय हितं, न्हवं?"

एवढं स्पष्ट. बरं झालं, निदान उपास तरी संपला.

मी नि.कडे पाहिलं. एक पाकळी उचल रे, एकच. तो म्हणाला, "माझं पोट भरलंय."

माझं पोट भरलंय!! ज्यानं माझ्या ताटातलं...

ते गेल्यावर आईच खाली बसली. कधी नव्हे ते आर्टिचोक हातात धरून एकेक पाकळी ओढत सगळं संपवलं. "चांगलं झालंय गं," म्हणाली. मला रडूच आवरेना.

१२ मार्च
क्रेट आला. टेम्पोवर नि. नाही, दुसराच माणूस. नि.चे चार मिस कॉल. नाही घेतले. टोकं छाटताना बोटाला काटा गेला आणि मी खुशाल भोकाड पसरलं. शेफ म्हणाले, घरी जा. घरी जाऊन काय करू?

२० मार्च
नि. मागच्या दाराशी उभा. वाळलाय. "थोडं थांब, आई येईल वळणावर."
"आईचं राहू दे. तू का नाही खाल्लंस?"
तो म्हणाला, "आईसमोर हातच उचलला नाही."

खरं बोलला, त्याचाच जास्त राग आला. आणि मेलं प्रेमही आलं. म्हटलं, "रविवारी घरी जेवायला ये. आईला सांगून ये. चोरून येणार असशील तर येऊच नकोस."

"बघतो," म्हणाला. आता या बघतोचं काय करायचं माणसानं?

२२ मार्च, शनिवार
फोन नाही. मेसेज नाही. मीही केला नाही.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. मी तिला काही बोलले नव्हते. तरी तिनंच विचारलं, "उद्या किती जणांचा टाकू?"

दोघींचा म्हणायला जीभ वळेना, तिघांचा म्हणायला धीर होईना.