टाकीतलं शिळं पाणी

आई, आज टाकी पुन्हा भरली. मासे नाहीत, नुसतं पाणी आहे, आणि ते उघडं ठेवून मी पायरीवर बसले आहे. तुझ्या वेळी यातलं काही नव्हतं, म्हणून आधी सांगते. इंदापूरच्या घरामागे मी एक छोटं पॉलिहाऊस घातलं, तुझ्या माजघराएवढं. इथल्या बोअरचं पाणी इतकं खारट की परसातली माती वरून पांढरी फुटते, मेथीसुद्धा धड येत नाही. म्हणून मातीच नको म्हटलं. निळ्या टाकीत चिलापी मासे सोडले, उजनीच्या पाण्यातले, बोटाएवढे. टाकीतलं पाणी पंपानं खडीच्या वाफ्यांत जातं, खडीवरचे जिवाणू माशांच्या घाणीचं खत करतात, पालक-कोथिंबिरीची मुळं ते ओढून घेतात आणि पाणी निवळून परत टाकीत येतं. हिरवट दिसतं, जरा वास मारतं, पण ते सगळं कधी बदलायचं नसतं. आटेल तेवढंच घालायचं, तेही नळाचं पाणी पिंपात दिवसभर उघडं ठेवून, त्यातला मासे आणि जिवाणू मारणारा क्लोरीन उडाल्यावर. म्हणजे तुझ्या शब्दांत, शिळं करून.

शिळं पाणी तुला खपत नसे. कोऱ्हाळ्याच्या घरात पहाटे आधी कालचं पाणी ओतलं जायचं, हंडे चिंचेनं लखलखायचे आणि मग ताजं भरलं जायचं. मी बारामतीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीला आले होते, परीक्षेच्या नादात पाणी भरायचं राहिलं. त्यात पाहुणे आले. मी कालच्याच घागरीतून तांब्या भरून दिला. तू चुलीपुढून उठतेस, पाहुण्यांच्या हातातला तांब्या घेतेस आणि सगळ्यांदेखत अंगणात ओततेस. "बुकं वाचून काय करायचंय? पाहुण्याला शिळं पाणी देतीयास व्हय गं?" मी रात्री जेवले नाही. तूही नाही जेवलीस, हे मला सकाळी कळलं.

गेल्या महिन्यात वहिनी आल्या. दादा गेल्यापासून कोऱ्हाळ्याच्या घरात त्या एकट्याच असतात, म्हणून मीच बोलावलं. पॉलिहाऊसात पाऊल टाकल्या टाकल्या नाकाला पदर. "वन्सं, एवढ्या शिकल्याल्या तुमी, आन् टाकीला ह्ये शेवाळ? आत्याबाईंनी बघितलं असतं तर तुमालाच टाकीत बुचकळलं असतं." तुला त्या अजून आत्याबाईच म्हणतात. मी हसले. पाणी का बदलायचं नाही ते सांगितलं नाही. तीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, आणि घरच्या माणसाला दोन वाक्यं सांगायचा कंटाळा केला. त्यांना काय कळणार, असं मनात होतं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला तेव्हा मी आंघोळीला गेले होते. वहिनींनी मासे टबात काढले, टाकी उपसून गटारात सोडली, काथ्यानं घासघासून शेवाळाचा कणही ठेवला नाही, नळाला पाइप लावला आणि थोडं पाणी साठताच मासे परत टाकीत सोडले. टाकी भरली, पंप चालूच होता, तेच पाणी वाफ्यांतून फिरलं. दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. चार वाजता सगळे पांढरे पोट वर करून तरंगत होते. वहिनी काठाशी उभ्या. "असं कसं झालं वो? मी तर ताजं पाणी भरलं." आणि मी म्हणाले, "शाळेचं तोंड पाहिलं असतं तर एवढे जीव गेले नसते." त्यांनी पिशवी भरली आणि पाच वाजता स्टँडवर गेल्या. मी सोडायलाही गेले नाही.

तू अंथरुणावर होतीस तेव्हा मला जवळ बसवून एकच सांगितलं होतंस. "तिला शाळा न्हाय, पर तिच्या हाताला कामाची लाज न्हाय. तुझी जीभ तिच्यावर चालवू नगंस." मी हो म्हटलं होतं.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. भांडायला नाही. "वन्सं, जीव मारल्याचं पाप कुठं फेडायचं वो? मी सोमवार धरल्यात. आता हाताला पाणी लागलं की त्येच डोळ्यापुढं येतं." मी "बरं" म्हटलं आणि ठेवला. बरं! इकडे वाफ्यांतला पालक पिवळा पडत चालला आहे, खडीवरचे जिवाणू पुन्हा जमायला महिना तरी लागेल, आणि मला आता वाट पाहण्याचाही शीण येतो. पण पालकाचं काही नाही. पालक येईल.

त्या सकाळी मी आंघोळीहून आले तेव्हा पाइप टाकीत होता आणि धार बारीक होती. वहिनी पाठमोऱ्या बसून बादल्या विसळत होत्या. टाकीचा तळ दिसत होता, मासे स्वच्छ पाण्यात फिरत होते. क्लोरीनचा वास मला आला. मला तो ओळखता येतो, आई, माझा तो धंदाच होता. पण त्या नितळ पाण्याकडे पाहून इतकं बरं वाटलं, घरात तू पाणी भरून ठेवल्यासारखं, की मी वाकून तोटी पूर्ण सोडली आणि चहा ठेवायला आत गेले. वहिनींनी पाहिलं नाही. अजून त्यांना ठाऊक नाही.

कोऱ्हाळ्याची गाडी सकाळी आहे. चार दिवस मी ती चुकवते आहे. हे सगळं ज्या दोघींना सांगायचं, त्यांतली एक आता जगात नाही, आणि दोघींपैकी एकीलाही अक्षर येत नाही. आई, मी लिहायला बसले ते त्याच भरवशावर.