आईच्या हातचं गुळवेल सत्त्व

आई, आज लॅबमध्ये पुन्हा एक बशी पिवळी झाली. पेशी ज्या पाण्यात वाढवतात ते मुळात गुलाबी असतं, लग्नातल्या सरबतासारखं. पेशी त्यातली साखर खातात, आंबट बाहेर टाकतात आणि आंबट वाढलं की पाणी पिवळं पडतं. इतकी साधी गोष्ट. आठवड्यातून चारदा कुणाची तरी बशी पिवळी होते, पोरं वहीत लिहितात आणि चहाला जातात. मी मात्र त्या रंगापाशी अजून अडकते. तू जाऊन एवढी वर्षं झाली, तरी वाटतं की तू मागं उभी आहेस, पदराला हात पुसत विचारते आहेस, "काय गं, खाल्ली का साखर?" मी वळून बघते. मागं फ्रीज असतो. हाताखालची पोरं मला जरा बिचकून असतात, ती काही उगीच नाही.

तुझं सत्त्व करणं मला पाठ आहे. उन्हाळ्यात तू यवतला मामाकडं जायचीस, बांधावरच्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल तोडून आणायचीस. लिंबावरचीच हवी, बाभळीवरची तुला चालायची नाही. पोतं घेऊन चौफुल्याला गाडी बदलायची, मग न्हावऱ्यावरून शिरूर. एकदा कंडक्टर म्हणाला, "मावशी, सरपण एसटीत नेता व्हय?" तू म्हणालीस, "औषध हाय बाबा. तुझ्या आईला लागंल कवातरी." त्यानं पोत्याचं तिकीट मात्र फाडलंच. घरी आल्यावर अंगठ्याएवढी खोडं धुवायची, तुकडे करायचे, ठेचायचे, मोठ्या पातेल्यात भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात घालून कुस्करायचे, फडक्यातून गाळून परातीत पाणी निवळत ठेवायचं. सगळं स्वयंपाकघर कडू वासानं भरायचं, भाकरीसुद्धा कडू लागतेय असं दादा म्हणायचा. मी बारा वर्षांची असताना परात उचलून ओट्यावर ठेवायला गेले आणि सगळं हललं. तू रागावली नाहीस, नुसतं म्हणालीस, "आता परत गढूळ. तुला धीर म्हणून न्हाई." मग पुन्हा अर्धा दिवस वाट बघायची, वरचं पाणी अलगद ओतायचं आणि तळाला जो पांढरा थर उरेल तो सुकवायचा. घमेलंभर खोडातून मूठभर निघायचं. ते अर्ध्या गल्लीच्या तापाला पुरायचं, आणि तुझा विश्वास असा की डॉक्टरनं बघून शिकावं.

पुढं मी पुण्याला लॅबमध्ये लागले तेव्हा नेमकं याच विषयावर काम चाललं होतं, यावर तुला हसू आलं होतं. झाडापाल्यात साखरेच्या लांबलचक साखळ्या असतात, स्टार्चसारख्या. जंतू गिळून टाकणाऱ्या आपल्या रक्तातल्या पेशींना त्या दिल्या तर पेशींची भूक बदलते का, त्या साखर जास्त जाळतात का, हे आम्ही बघत होतो. बाजारातून मागवलेली प्रत्येक पूड मी आधी तपासून घ्यायचे. दाणा न् दाणा. सगळे मला चिकट म्हणायचे. आणि तुझ्या सत्त्वाचा डबा आणला तो सरळ वापरला. आईच्या हातचं आहे, तीन पाण्यानं धुतलेलं आहे, त्यात काय बघायचं? सगळ्या जगावर संशय घेणारी मी, तिथं माझं डोकं बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बशी बघितली तर पिवळीधमक. मोजलं तर पेशींनी पाण्यातली साखर भराभर फस्त केलेली. बाजारच्या कुठल्याच पुडीनं असं केलं नव्हतं. मी सरांच्या केबिनपर्यंत पळत गेले, लॅबमध्ये पळायचं नसतं तरी.

आणि त्याच दुपारी तुला फोन केला. आई, हा फोन मी मनात किती वेळा पुन्हा लावला असेल. मी म्हणाले, तुझं सत्त्व एक नंबर आहे, पेशी साखर नुसती हाणतायत. तू विचारलंस, "म्हंजी माझी बी खाईल का?" तुला डायबेटिस होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. गोळ्यांनी तोंड बेचव होतं अशी तुझी कायमची तक्रार. बशीतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा, हे मला नीट ठाऊक होतं, तेवढ्यासाठी तर मी शिकले होते. पण मी खुशीत होते. मी हसून म्हणाले, "खाईल की." दोन शब्द.

साताठ आठवड्यांनी सरांनी विचारलं, पूड जंतूंसाठी तपासलीस ना? तपासली नव्हती. मेलेल्या जंतूंच्या सालीचा अंश पाण्यातून कशातही येतो, उकळून जात नाही, फडक्यानं गाळून जात नाही, आणि या पेशी त्याच्या वाऱ्यालासुद्धा पेटतात, साखर फस्त करत सुटतात. त्या अंशाला बांधून ठेवणारं औषध असतं. ते घालून प्रयोग परत केला. पाणी गुलाबीच राहिलं. अगदी थोडा, डोळ्यांना न दिसणारा फरक मोजमापात आला, तेवढंच तुझ्या सत्त्वाचं खरं काम. बाकी सगळा गाजावाजा पाण्यातल्या घाणीचा. सर म्हणाले, "घरचं म्हणून सोडलंस का?" आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

त्या शनिवारी मी शिरूरला आले ते तुला सांगायलाच. तू बाजारात होतीस. भाजीवाल्या मावशी मला बघून म्हणाल्या, "आली का शास्त्रज्ञीण? तुझी आई सांगती, तू मशिनीत तपासलंस म्हणं." आणि तू शेजारी उभी, पिशवी छातीशी धरून, चेहरा असा की मी दहावीला पहिली आले तेव्हाही नव्हता. तू त्यांना म्हणालीस, "तपासलंय म्हंजी? पुण्याला तपासलंय." घरी जाऊन सांगू म्हटलं. घरी तू पिठलं केलंस. तुझ्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली होती, तू हळद लावून वर चिंधी बांधली होतीस. भरत आलीय म्हणालीस. मी रविवारी परत गेले, न सांगता. पाचव्या आठवड्यात दादानं तुला पुण्याच्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? दादा रडत म्हणाला, घरात कुणालाच माहीत नव्हतं हो. मी भिंतीशी उभी होते. अकराव्या दिवशी तू गेलीस.

दादा अजून स्वतःला खातो. म्हणतो, मी घरात असून माझं लक्ष नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवते, तुझी काय चूक म्हणते, आणि त्याला वाटतं बहीण मोठ्या मनाची आहे.

आई, त्या शनिवारी आंघोळीला जाताना मी तुझ्या कपाटातून टॉवेल काढला. त्याच्याखाली गोळ्यांची पाकिटं होती, एकही फोडलेलं नाही. मला लगेच कळलं. तू चुलीपाशी होतीस, चार पावलांवर. बोलले असते तर बशीचंही सांगावं लागलं असतं, आणि बाजारातला तुझा तो चेहरा मला आणखी एक दिवस बघायचा होता. मी टॉवेल घेतला आणि कपाट लावलं. दादाला हे मी कधीच सांगितलेलं नाही. तुला लिहायला बसले, तेही तू वाचणार नाहीस हे माहीत आहे म्हणूनच.