माळावरची पंगत

१८ ऑगस्ट, सोमवार
पोचलो एकदाचे! केम गावाच्या पुढचा हा माळ. गवत, बाभळी आणि आमचे पिवळे तंबू. हवा झकास आहे, मी खूश आहे. अकरावीच्या नव्या मुलांची गट्टी जमावी म्हणून कॉलेजनं हे शिबिर काढलंय. म्हणजे हात धरून गोल फिरायचं आणि शिट्टी वाजली की हसायचं. अजिंक्य सरांनी प्रत्येकाला जोडीदार दिलाय. बस निघताना आपला जोडीदार आलाय की नाही, ते ज्यानं त्यानं सांगायचं. मी एकटी उरले. सर कळवळले. पुण्याहून आलेल्या मला या मेंढरांत जोडी कशाला हवी?

संध्याकाळी पंगत उघड्यावर. स्वयंपाकाच्या गिरिजाबाईंनी सगळ्यांना माळाकडे पाठ करून बसवलं. तिकडे बघून कुणाला जेवायला बोलवायचं नाही म्हणे. अहो, वाटेनं जाणाऱ्याला आपण 'या जेवायला' म्हणतोच, तो 'होऊ द्या' म्हणून पुढे जातो. त्यात कसली भीती? मी मुद्दाम वळले आणि रिकाम्या माळाला म्हटलं, "या जेवायला."

गिरिजाबाई वाढता वाढता थांबल्या. "बोलावलंस, तर पोचवाया तुलाच जावं लागंल की."

अडाणीपणालाही हद्द असते.

१९ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी पोहे खाताना शेजारी एक मुलगी येऊन बसली. काल नव्हती. टी-शर्ट आमच्या शिबिराचाच, पण मातीनं माखलेला. नाव विचारलं तर नुसती हसते. सर म्हणाले, चला, निवेदितालाही जोडीदार मिळाली. कुणालाच काही वाटत नाही, इतकी बिनडोक माणसं मी पाहिली नव्हती.

माझ्या ताटातलं मी हात लावायच्या आत संपतं. ती चावत असते.

२० ऑगस्ट, बुधवार
तिनं हात सोडलेला नाही. गार हात. तंबूतल्या ऋतुजाला सांगितलं, तर म्हणे, छान जमलंय की तुमचं. मूर्ख — सगळे मूर्ख.

गिरिजाबाईंनी चुलीआड भाकरी दिली. तोंडात गेली ती माती. मी रडले. त्या म्हणाल्या, उजेड असताना तिला माळावर पोचव. तिथं जेवायला बोलावतील. 'होऊ द्या' म्हणायचं आणि मागं फिरायचं, घास घ्यायचा नाही.

मला घरी जायचंय. भूक लागलीय.

२१ ऑगस्ट, गुरुवार
परतीची बस लागलीय. तिला बाभळीपर्यंत आणलं. हात सुटला —

गवतात पंगत. लांबच लांब. सगळ्यांची पाठ माझ्याकडे.

एक ताट रिकाम्या जागेपुढे वाढलंय. गरम भाकरी, ठेचा. वास —

ती म्हणाली, "या जेवायला."

तोंड उघडायची भीती वाटते, म्हणून लिहितेय. होऊ द्या. होऊ द्या. होऊ —

मागे सर विचारतायत, सगळ्यांचे जोडीदार आले का. सगळे हो म्हणाले. माझ्याबद्दल सांगणारं कुणी —

ऋतुजा, मागे बघ. कुणीतरी बघा ना —

बस निघाली.

भाकरी खरीच आहे. हातात गरम लागतेय, एकच घास घेऊन मी