बटण बंद होतं, माय

प्रिय माय,

काल अण्णांनी तो कूलर खोलला, म्हणून आज तुला लिहायला बसले. हो, तोच! तू गेलीस त्या दुपारी तुझा हात ज्याला चिकटलेला होता, तोच पत्र्याचा कूलर. अक्षर बघ कसं वाकडंतिकडं येतंय. घरात कुणाला सांगावं तर म्हणतील, काही झालं नाही ना, मग आता कशाला घाबरतेस? तू पण हसशील. पण हसून झाल्यावर ऐकून घेशील, एवढं मला ठाऊक आहे.

तू गेल्यापासून मी कशी राहते, माय, ते तुला कुठून कळणार! कोरड्या हातानेसुद्धा बटण दाबायला मी बिचकते. मिक्सर लावायचा असला की तनूला हाक मारते. तुझी नात आता कॉलेजात जाते, तिला माझी लाज वाटते. इस्त्री बंद करून दारापर्यंत जाते आणि परत फिरून बघते. गिझर चालू असताना नळाला हात लावत नाही. तुझे जावई म्हणतात, "अगं, अख्ख्या पर्वत पाटियात लाइट आहे, सगळे जिवंत आहेत." खरं आहे त्यांचं. पण बटणाकडे नेलेला हात आपोआप मागे येतो, त्याला काय सांगू?

आणि तू? तुला कशाची भीती म्हणून नव्हती!

लिंबायतची आपली ती एक खोली आणि पुढचा ओटा. अण्णा कापडाच्या लूमवर कामाला गेले की तू शिलाईच्या मशीनवर बसायचीस. मशीनची मोटर बंद पडली तेव्हा दुरुस्तीवाला दोन दिवस फिरवत राहिला, तर तू स्वतःच खोलून बसलीस. ती चालू झाली आणि मग तुला कोण थांबवणार! इस्त्री, टेबलफॅन, मिक्सर, जे येईल ते. अंबाड्यात फूल माळावं तसा टेस्टर खोचलेला असायचा तुझ्या. गल्लीतल्या बायका पंख्याची पाती पदरात गुंडाळून आणायच्या. "मासी, आ जुओ ने!" मावशी, हे बघ, ते बघ. तू पाय पसरून बसायचीस, शेजारी चहाचा कप, आणि मी दारामागून ओरडायचे, "माय, नको ना!"

"काही व्हत नई वं, मी शे ना!" हेच तुझं उत्तर. "इतली काब्र भिस?"

का भीत होते ते आता सांगू? तू उघड्या तारा आगकाडी खोचून बोर्डात बसवायचीस. तीन पिनांचं काही आलं की तिसरी तार कापून टाकायचीस. "तिसरी तार कशाले? दोनवर चालस ना!" चालायचं, माय. दोनवर सगळं चालायचं, म्हणून तर कुणाला काही कळलं नाही. ती तिसरी तार, अर्थिंगची, जीव वाचवायला असते, हे तुला कुणीच सांगितलं नव्हतं का? की सांगितलं होतं आणि तू हसलीस?

त्या दुपारी मी तिथे नव्हते. जे कळलं ते शेजारच्या रेखाबेनकडून. कूलर हवा फेकत होता, पण पाणी वर चढत नव्हतं. आतली पाण्याची मोटर गेली असणार, असं तू त्यांना ओट्यावरून म्हणालीस. उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून नुकतंच तू ओट्यावर पाणी मारलं होतंस. पायात काही नव्हतं. तू आत गेलीस, बटण बंद केलंस, पंखा थांबला, आणि बाहेर येऊन तू कूलरच्या पत्र्याला हात घातलास.

पुढचं रेखाबेन अजूनही पूर्ण सांगू शकत नाहीत. तू ओरडलीसुद्धा नाहीस. त्या तुला ओढायला धावल्या, तर त्यांनी तुला हात लावू नये म्हणून त्यांच्या सासूने मागून पदर धरला. "अडती नहीं! अडती नहीं!" त्या म्हातारीने त्यांचा जीव वाचवला. कुणीतरी घराचा मेन स्विच खाली पाडला, तेव्हा तू खाली आलीस. रिक्षातून दवाखान्यात नेलं. अण्णा लूमवरून आले ते थेट दवाखान्यातच, अंगावर कापसाची धूळ तशीच.

आणि दहाव्याला लोक काय बोलले ठाऊक आहे? "फार हुशारी करायची." "बाईमाणसाने कशाला त्यात पडावं?" "बटण बंद केलं नसेल, दुसरं काय." ज्यांच्या घरातले पंखे तू फिरते केलेस, त्यांतलेच काही! पंखा थांबला होता, हे रेखाबेनने सांगितलं ते कुणी मानलं नाही. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. पण त्यांच्या मनात ते रुतून बसलं, हे मला काल कळलं.

काल दुपारी मी भाकरी टाकत होते. रेखाबेनचा फोन आला. "वंदनाबेन, जल्दी आवो. तमारा पप्पा कूलर खोलीने बेठा छे."

अण्णा कूलर खोलून बसले होते; कोणता, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. तो गच्चीवर ताडपत्रीखाली पडला होता. मी कितीदा म्हटलं भंगारात द्या, अण्णा देईनात. मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले. अण्णांना फोन लावत राहिले. रिंग जातेय, कुणी उचलत नाही. पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षा अडकली. पुढे कापडाच्या गठ्ठ्यांचा टेम्पो आडवा. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भाई, माझे वडील..." आणि पुढे काय सांगावं तेच सुचेना. वडील कूलर दुरुस्त करताहेत? कोण घाबरेल हे ऐकून? रिंग वाजत होती आणि मला डोळ्यांपुढे फक्त तो ओटा दिसत होता. ओला. माय, त्या रिक्षात मी अण्णांना मेलेलं धरून चालले होते. रेखाबेनला काय विचारायचं, भावाला नाशिकला कसं कळवायचं, सगळं मनात येऊन गेलं.

गल्लीच्या तोंडाशी उतरून धावले. अण्णा दिसले. बसलेले होते. हालत होते!

प्लास्टिकच्या स्टुलावर, बनियनवर, पायात रबरी चप्पल. टाचांना भेगा पडल्यात म्हणून हल्ली चप्पल काढत नाहीत, तेवढीच आपली पुण्याई. कूलरची गवताची जाळी काढून ठेवलेली, हातात स्क्रू ड्रायव्हर. वायर दारातून आत गेलेली. आणि शेजारी टाकी धुवायला पाण्याने भरलेली बादली.

"अण्णा, हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की ते दचकले, आणि तोल सावरायला त्यांचा हात कूलरकडे गेला. पत्र्याच्या अगदी जवळ. मी डोळे मिटले, माय. खरंच मिटले. उघडले तेव्हा हात मांडीवर होता.

"बटन बंद शे," ते शांतपणे म्हणाले.

तुझंही बंदच होतं ना?

मी त्यांच्या बाजूने आत गेले. बोर्डात ती पिन खोचलेली. हात पुढे करायचा आणि ओढायची, एवढंच. पण हात पुढे जाईना. मग दाराजवळच्या मेनकडे वळले आणि कोपऱ्यातल्या लाकडी लाटण्याने तो खाली पाडला. छताचा पंखा थांबला, शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू यायला लागला. मग पिन काढली. मग तिथेच खाली बसले आणि मला उलटी झाली.

अण्णा रागावले होते. "तुनी मायनं काम अर्धं ऱ्हायनं. ते मी पुरं करस, तर तुले काय?"

"कशासाठी, अण्णा?"

ते स्क्रू ड्रायव्हर बनियनला पुसत राहिले. मग म्हणाले, लोक म्हणतात तिने बटण बंद केलं नाही. मला बघायचं होतं.

माय, तो माणूस तुझी बाजू बघायला बसला होता! पुरावा म्हणून स्वतःचा हात घालणार होता की काय, देव जाणे. ते मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

तुझ्या जावयांना फोन केला. ते त्यांच्या ओळखीच्या वायरमनला घेऊन आले. त्याने आधी कूलर बाजूला सरकवला, कोरडी जागा बघितली, पायांतले बूट तसेच ठेवले. मेन चालू केला. बोर्डाचं बटण बंद ठेवून टेस्टर बोर्डाच्या भोकात घातला. टेस्टरमधला दिवा लागला.

"जुओ बेन, बटन बंध छे, तोय पावर आवे छे."

आम्ही तिघंही त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिलो. खोली बांधताना ज्याने वायरिंग केलं, त्याने बटण चुकीच्या तारेवर बसवलं होतं, परतीच्या तारेवर. बटण बंद केलं की पंखा थांबायचा, पण वीज तशीच कूलरपर्यंत येऊन उभी राहायची. त्यात आतली मोटर जळून वीज पत्र्यात उतरली. तिसरी तार तू कापलेली. ओटा ओला. मग ती वीज कुठून जाणार होती, माय? तुझ्यातूनच.

इतकी वर्षं टेस्टर डोक्यात खोचून फिरलीस. एकदाही बटण बंद करून बोर्डात घालून बघितला नाहीस?

अण्णांनी वायरमनला दोनदा तेच करून दाखवायला लावलं. मग माझ्याकडे वळले. डोळे भरलेले. "मंग ती चुकनी नई ना?"

खोटं बोलू का, असं एकदा मनात आलं. नाही बोलले. म्हटलं, "चुकली, अण्णा. पिन काढायला हवी होती. चप्पल घालायला हवी होती. पण एकटी नाही चुकली."

ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. तू गेल्यापासून त्यांना रडताना मी काल पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं संपलं. पण वायरमन हत्यारं आवरताना सहज म्हणाला, खोल्यांच्या या सगळ्या ओळीचं वायरिंग एकाच माणसाने केलेलं दिसतं, बोर्ड सारखेच आहेत. ते ऐकून मी रेखाबेनच्या दाराकडे बघितलं. रेखाबेनचा लहान नातू दुपारभर त्यांच्या कूलरच्या पाण्यात हात घालून खेळतो. मी उठायच्या आधी अण्णाच उठले. चप्पल वाजवत त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "बेन, तुमचा मेन पाडा. आधी पाडा, मग सांगतो."

त्यांचंही बटण उलटंच होतं, माय.

रेखाबेनने नातवाला उचलून छातीशी धरलं आणि किती वेळ खाली सोडलंच नाही. काल संध्याकाळपर्यंत त्यांचा आणि आपला बोर्ड नीट झाला. अर्थिंगची तार जमिनीत गेली. गळती झाली की लगेच वीज तोडणारं ईएलसीबी मेनपाशी बसलं. कूलरची वायर अण्णांनी स्वतः मुळापासून छाटली. कूलर मात्र अजूनही देत नाहीत. मी आग्रह केला नाही.

पण पुढच्या घरी गेलो तर तो माणूस दारातूनच म्हणाला, "आमचं चालतंय ना? मग कशाला उकरता?" त्याच्या मागे त्याची सून ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती, वॉशिंग मशीनला टेकून. त्याने दार लावलं. मला रात्रभर ती टेकलेली कोपरं दिसत होती. आज सकाळी उठल्या उठल्या रेखाबेनला फोन करून विचारलं, गल्लीत सगळं ठीक आहे ना? आता रोज सकाळी हेच विचारणार का मी?

भीती कमी झालेली नाही. उलट वाढली आहे. आधी ती माझ्या घरातल्या चार बोर्डांपुरती होती, आता गल्लीतल्या प्रत्येक भिंतीत ती आहे. पण माय, तुला वचन देते. पुढच्या रविवारी वायरमनला घेऊन मी गल्लीत परत जाणार आहे, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. ज्यांनी तुझ्यावर बोट दाखवलं त्यांच्याही घरी जाईन. घाबरट म्हणोत, वेडी म्हणोत. त्या माणसाने दार लावलं तर त्याच्या ओट्यावर बसून राहीन. त्याची सून स्वतः येऊन मेन पाडेपर्यंत मी तिथून उठणार नाही.

तुझी,
वंदना