सातव्या न्यायसभेचं दार

थायनान, १२ मे १९९०

प्रिय छोंग,

अनेक आशीर्वाद. ओसाकातली थंडी आता सरली असेल. इथे आंबे उतरायला लागलेत. माझी पोस्टातली नोकरी चालू आहे, तब्येत बरी आहे.

बाबांचे डोळे गेल्याचं तुला कळवलं होतं. पुढचं लिहायचं राहिलं. देवळाच्या आवारात तीस वर्षं गोष्टी सांगणारा माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. मला बघवेना. एक दिवस तुझ्या खोलीतला कॉम्प्युटर पुसला आणि तू बनवलेला तो खेळ लावला. "देवांना डबड्यात कोंडलंस" म्हणत त्यांनी ज्याच्यापायी तुला घराबाहेर काढलं, तोच. कुणाचा आहे ते मात्र सांगितलं नाही.

मी पडद्यावरचं वाचायची, बाबांनी काय करायचं ते सांगायचं, मी टाइप करायची. मेलेल्या आईला शोधायला मुलगा पाताळात उतरतो, तिथेच बाबा चिडले.

"बैलतोंड्या पहारेकरी एवढं गोड बोलतो होय? दारू दे त्याला, दारू!"

दिली. त्यानं वाट सोडली. बाबा मांडीवर थाप मारून हसले. "लिहिणारा अगदीच गाढव नाही गं."

मग रोज जेवण झालं की खेळ. पाताळातल्या सातव्या न्यायसभेत आम्ही अडकलो. न्यायाधीश विचारतो, "कुणाचा मुलगा तू?" चार दिवस नाना उत्तरं दिली. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, "माझं नाव टाक जा!"

टाकलं. दार उघडलं. पडद्यावर आलं, "त्यांच्या मुलाला इथे कुणी अडवत नाही."

बाबांनी मला तीनदा वाचायला लावलं. घर सोडण्याआधीच तू हे लिहून ठेवलं होतंस, हे त्यांच्या लक्षात आलं. मग अगदी हळू म्हणाले, "पोराला फोन लाव."

छोंग, मी बाहेरच्या खोलीत गेले, रिसीव्हर उचलला आणि नंबर न फिरवता नुसती उभी राहिले. पाच वर्षं त्यांना न्हाऊ घालणारी, भरवणारी मी. आणि चेहरा उजळला तो तुझ्या एका ओळीनं. आत येऊन म्हटलं, "लागत नाही."

ते रोज विचारायचे, मी रोज तेच सांगायची. अकराव्या दिवशी म्हणाले, "राहू दे. त्यालाच नको असेल बोलायला."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी, वीस मार्चला, बाबा गेले. माशाची पेज अर्धी खाल्ली आणि छातीत कळ आली. अंत्ययात्रेत मुलानं धरायचं उदबत्तीचं पात्र चुलतभावानं धरलं. तुला मी कळवलंच नव्हतं; रजा मिळाली नाही, असं लोकांना सांगितलं. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधीही झाले.

काका म्हणत होते, जो आला नाही त्याचं नाव मुलगा म्हणून बापाच्या थडग्यावर नको. मी पाथरवटासमोर दिवसभर बसून तुझं नाव कोरून घेतलं. तेवढंच हातात उरलं होतं.

माफी मागायला तोंड नाही. शिव्या पत्रातून देऊ नकोस. ये, आणि तोंडावर दे.

ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

श्यू-छिन