दादांच्या इंटॉर्टसची टोपी

४ फेब्रुवारी. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. कारण वैज्ञानिक. हिचे थोरले भाऊ (सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही) मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले. दोन्ही डोळे. जाताना तीन कुंड्या आमच्याकडे ठेवल्या. तिन्ही मेलोकॅक्टस. हे एका झाडाचं नाव नाही, अख्ख्या घराण्याचं आडनाव आहे. उष्ण प्रदेशातलं घराणं, थंडी सोसत नाही. आपल्याकडचे सदस्य: मतान्झानस (बुटका), अझ्युरियस (निळसर, रागीट) आणि इंटॉर्टस (दादांनी बी पेरून वाढवलेला, वय अकरा).

वयात आलं की यांच्या डोक्यावर टोपी येते. मग अंग वाढायचं थांबतं, फक्त टोपी वाढते. फुलं तिच्यातूनच. पहिल्या दोघांना आलेली आहे, लाल, ब्रशसारखी. इंटॉर्टसची यायची आहे. अकरा वर्षं वाट बघितली, आता नव्या डोळ्यांनीच बघेन, असं दादा म्हणाले. टोपी सुरू होताना कशी दिसते ते सांगायला लागले, पण मी थांबवलं. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस वर्षं स्टोअरकीपर आहे मी. निर्धास्त जा म्हणालो. ही म्हणाली, लिहून तरी घ्या. घेतलं नाही.

६ फेब्रुवारी
संकल्प: रोज तापमान, रोज उंची, रोज घेर. घेर मोजताना तीन काटे टोचले. घेर उद्यापासून.

११ फेब्रुवारी
रोजनिशी राहिली. लॅबमध्ये स्टॉक तपासणी होती. झाडं ठीक असावीत.

१५ फेब्रुवारी. रविवार, सकाळी ११
संकट. इंटॉर्टसच्या डोक्यावर पांढरी लोकर. मिलीबग, कापसासारखी दिसणारी कीड. पाहताक्षणी ओळखला. ही म्हणाली दादांना फोन करा. परवाच एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, माणसाला टेन्शन कशाला. शिवाय जे मला माहीत आहे ते विचारायचं तरी काय?

११.५०
स्पिरिट, चिमटा, जुना टूथब्रश. चाळीस मिनिटं. आत काहीतरी घट्ट होतं, तेही खरवडून काढलं. डोकं कसं लख्ख. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. नमुना टेस्ट ट्यूबमध्ये घालून लेबल लावलं: 'मिलीबग, संपूर्ण'.

१७ फेब्रुवारी
दादांचा फोन. तब्येतीचं मी विचारायच्या आत त्यांनी झाडाचं विचारलं. प्रगती आहे म्हणालो. मिलीबगचं सांगणार होतो, पण स्वतःची टिमकी वाजवणं मला जमत नाही.

१८ फेब्रुवारी. दुपारी
बॉटनीच्या मॅडमना टेस्ट ट्यूब दाखवली. त्यांनी भिंगाखाली धरली आणि यात कीड कुठे आहे असं विचारलं. मेली असेल, म्हणालो. त्यांनी पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, ही टोपी आहे. अशीच सुरू होते. आधी पांढरी लोकर, मग तिच्यातून लाल केस. झाडाचं वाढतं टोकही तिथेच असतं.

मग हळूच विचारलं, झाड कुणाचं? एका ओळखीच्यांचं, म्हणालो. तिथे आता पुन्हा टोपी येणार नाही, एवढं त्या ओळखीच्यांना सांगा, म्हणाल्या. 

डबा खाल्ला नाही. म्हणजे खाल्ला, पण काय होतं ते आठवत नाही.

१९ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. मॅडमचं ज्ञान पुस्तकी. निसर्ग जिद्दी असतो. खड्डा भरून येईल.

२६ फेब्रुवारी
खड्डा तपकिरी झाला. कडा आत वळल्या. जिद्द दिसत नाही. मी खिडकीचा पडदा ओढून ठेवतो. हिने विचारलं, त्यांना ऊन नको का? नको म्हणालो. हवं असतं.

१ मार्च
उद्या दादांना फोन करून सगळं सांगायचं. काहीही झालं तरी.

२ मार्च
फोन लागला नाही. एकदाच लावला. दोनदा वाजू दिला आणि ठेवला.

५ मार्च. संध्याकाळी
दादांचाच फोन. दुसरा डोळाही झाला. आठ तारखेला त्यांची लेक, म्हणजे हिची भाची, त्यांना गाडीने घेऊन येते आहे. समोरच्या इमारतीवरची पाटी खुर्चीत बसून वाचली म्हणे, ठेकेदाराच्या फोन नंबरसकट. मग विचारलं, टोपी? मी 'आली' म्हणालो. तोंडातून निघून गेलं. मग रिसीव्हर बाजूला धरून त्यांनी भाचीला हाक मारली आणि आली, आली असं सांगितलं. ते मला ऐकू येत होतं.

७ मार्च
स्टोअरमधला कापूस, हिच्या विणकामातली लाल लोकर, गोंद. काम सुबक झालंय. थोडं लांबून बघितलं तर मतान्झानसच्या टोपीपेक्षा माझी सरस. दादांची नजर अधू आहे, अशी स्वतःची समजूत घातली. मग ऑपरेशन कशाचं झालं ते आठवलं. हिने टोपी बघितली आणि काही न बोलता आत गेली. ही बोलते तेव्हा सोपं असतं.

८ मार्च. दुपारी
दादा आले. काळा चष्मा काढला. पडदा स्वतः सरकवला. इंटॉर्टससमोर वाकून उभे राहिले, बराच वेळ. भाचीने दारातून विचारलं, बाबा, आली ना टोपी? दादा म्हणाले, आली की, छान आली. मग तिला बाकीच्या दोन कुंड्या गाडीत ठेवायला सांगितलं.

ती गेल्यावर मला विचारलं, खरवडलंत? मी मान हलवली. मिलीबग वाटला, म्हणालो. एक फोन करायचा होतात, एवढंच म्हणाले. आवाज चढला नाही. हे झाड इथेच राहू द्या, तिच्यासमोर यातलं काही बोलू नका, असंही म्हणाले आणि चष्मा घालून निघाले. ही त्यांच्या मागोमाग गाडीपर्यंत गेली.

दादा 'छान आली' म्हणाले तेव्हा मला काय वाटलं, ते कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितो. मला वाटलं, जमलं. मी खूश झालो. भाचीला म्हणालोसुद्धा, पुढच्या वर्षी फुलं बघायला ये. दादा तिथेच उभे होते, माझ्याकडे बघत.